आजीच्या लुगड्यांची गोधडी

शुक्रवारी संध्याकाळी ‘वीकेंडला वाईला चाललोय’ असं म्हटलं, की ऑफिसातलं पब्लिक एका सुरात विचारतं, “पाचगणी की महाबळेश्वर?” वाई म्हणजे आपल्या लेखी पसरणीचा घाट चढण्याआधीचा टी-ब्रेक. फार तर ढोल्या गणपतीला गाडीतूनच नमस्कार. मी मात्र गेली एकोणतीस वर्षं वाईलाच उतरतोय, कारण वाई म्हणजे माझं आजोळ. या वेळी पाठीवरच्या सॅकमध्ये लॅपटॉप नव्हता, दोन रिकाम्या चादरी होत्या. गाठोडं बांधायला.

झालं असं, की फाल्गुनात आजी गेली. त्यानंतर सहा महिन्यांनी मामीचा फोन आला. “आजींच्या कपाटाचं काय करायचं? तुम्हाला कुणाला काही हवंय का? नाहीतर पुढच्या आठवड्यात बोहारीण येते, तिला देऊन टाकते. एक मोठं पातेलं तरी येईल.”

आपल्यापैकी ज्यांनी बोहारीण पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी: जुने कपडे घेऊन बदल्यात स्टीलची भांडी देणारी बाई. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमधून तिला सिक्युरिटीवाल्यानं कधीच हद्दपार केलंय. वाईत ती अजून दारात बसून घासाघीस करते. तर आजी आणि पातेलं हे समीकरण माझ्या डोक्यात काही बसेना. मामीचा रागच आला. फोन ठेवताना मी म्हणून गेलो, “थांब, मी येतो. मला त्याची गोधडी करायचीय.” ही कल्पना मला त्या क्षणापर्यंत सुचलेलीसुद्धा नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगतो. आदल्याच महिन्यात पुण्यातल्या एका प्रदर्शनात साडेचार हजारांची गोधडी पाहिली होती, तेवढाच काय तो माझा अभ्यास.

आईला सांगितलं नाही. त्याला कारण होतं. आजीच्या तेराव्यानंतर आई आणि मामा बोलत नाहीत. वाईचं घर जुनं, लाकडी माडीचं. ते पाडून बिल्डरला द्यायचं की नाही, आणि सही कुणाची आधी, यावरून सुरू झालेलं. तुमच्याही घरात असं एखादं घर असेलच, त्यामुळे तपशिलात जात नाही.

कृष्णाकाठची रंगीत लाइन

स्वारगेटवरून एसटी पकडली. खंबाटकीचा घाट ओलांडला, सुरूर फाट्याला हायवे सोडला आणि मग ते वडाच्या झाडांचं, मोबाइल खिशात ठेवायला लावणारं वातावरण सुरू झालं. वाईत उतरून घाटावर आलो तर समोर जे काही दिसलं, त्यासाठी खरं तर कॅमेरा न्यायला हवा होता.

पितृपंधरवडा चालू होता. आमच्याकडे घटस्थापनेच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन काढायची पद्धत. सात घाटांच्या या गावात त्या दिवशी मोकळी पायरी म्हणून नव्हती. जिकडे पाहावं तिकडे गोधड्या. ढोल्या गणपतीसमोरच्या पायऱ्यांवर, कठड्यांवर, दगडी बुरुजांवर. हे देऊळ सरदार रास्त्यांनी 1762 साली बांधलं. मागची भिंत मुद्दाम माशाच्या आकारासारखी निमुळती केली, म्हणजे पुराचं पाणी दुभंगून बाजूनं निघून जातं. त्या दिवशी त्या दगडावर लाल, हिरव्या, जांभळ्या, विटक्या चौकोनांच्या गोधड्या वाळत होत्या. ओली गोधडी किती जड होते माहितीये? दोन बायका दोन टोकं धरून उलट्या दिशेला पीळ देतात, तरी खाली पाण्याची धार चालूच. जिममध्ये जाणाऱ्या माझ्यासारख्याला एका काकूंनी, “ए बाळा, धर जरा,” म्हणून एक टोक हातात दिलं आणि मी पायरीवरून घसरताघसरता वाचलो. बायका मनसोक्त हसल्या. वाईचं स्वागत हे असं.

नऊ लुगडी, चार बाद

घरी मामीनं कपाट उघडूनच ठेवलं होतं. नऊ लुगडी. आजोबांची दोन धोतरं. खणाच्या चोळ्यांचा एक डबा. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात तुटकी बटणं, हुक, एक चांदीचं अडकलेलं जोडवं आणि माझ्या मामाच्या शाळेच्या शर्टाचा खिसा. फक्त खिसा, शर्ट नाही. का ठेवला होता हे आता कोण सांगणार?

शेजारच्या आक्कांना बोलावलं. आक्का म्हणजे आळीतल्या सगळ्यांच्या आक्का. सत्तरीच्या पुढच्या, नाकात नथीचं भोक, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. आजी आणि त्या मिळून दर उन्हाळ्यात ओटीवर गोधड्या शिवायच्या. त्यांनी ढीग पाहिला, एकेक लुगडं दोन बोटांत चोळलं आणि पाच मिनिटांत निकाल लावला.

“ही चार न्हाई चालायची. नायलान हाय. सुई अडती, ऊबबी देत न्हाई. अंगावरनं सरकत ऱ्हाती रातभर.”

त्या चारात माझं सगळ्यात लाडकं होतं. अबोली रंगाचं, बारीक फुलांचं. माझ्या मुंजीत आजीनं नेसलेलं. बाद. (ते मी घेऊन आलोय. कपाटात आहे. त्याचं काय करायचं, कुणी सांगू शकेल का?) जे सुती, जे धुऊन धुऊन मऊ झालेलं, जे आजी रोज स्वयंपाकघरात नेसायची आणि ज्याच्याकडे आम्ही कुणी कधी नीट पाहिलं नव्हतं, तेच गोधडीच्या कामाचं. फोटोतली लुगडी वेगळी, पांघरायची वेगळी.

“पण पितृपक्षात नवीन काही सुरू करतात का?” मामी दारातून म्हणाली.

“नवीन कुठाय ह्यात?” आक्का म्हणाल्या. “समदं जुनंच तर हाय.”

मग त्यांनी मला खरा प्रश्न विचारला. “एक करू का दोन? जाड पायजेल तर एक व्हईल. पातळ केल्या तर दोन बसत्यात.”

ओटीवर मामा पेपर वाचत होता. पेपरचं पान उलटायचा आवाज थांबला. एक केली तर ती कुणाकडे? दोन केल्या तर घरासारख्याच वाटण्या. मी एमबीए आहे, निर्णय घेण्याचे पगार घेतो. तिथे मला काही सुचेना. शेवटी, “एकच करा, आक्का. जाड,” असं म्हणालो. कुणाकडे राहील ते पुढचं पुढे.

फाडायचं, कापायचं नाही

मला वाटलं होतं, आता कात्री येणार. आक्कांनी कात्रीनं फक्त काठाजवळ एक चीर दिली, एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं. “वढ.” टर्रर्रकन सरळ रेषेत लुगडं फाटत गेलं. कापलं तर कात्री वाकडी जाते, फाडलं तर सूत सुतासारखं सरळ राहतं. एका नऊवारीत साधारण सव्वाआठ मीटर कापड. पण मधला भाग, जिथे बसून बसून विरलेलं असतं, तो आतल्या थरात जातो किंवा चुलीपुढच्या फडक्यात. पदराकडचं, निऱ्यांच्या आतलं, जे उन्हाला लागलेलं नाही, ते वर.

तो आवाज मला आवडला, हे कबूल करतो. स्ट्रेस-बस्टर म्हणून कुणीतरी कॉर्पोरेट वर्कशॉप काढावं इतका. एकामागून एक आम्ही फाडत गेलो. निळं, मग करवंदी, मग चौकड्यांचं, मग हिरवं इरकल.

इरकल म्हणजे कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलचं. अंग सुती, काठ रेशमी, लाल पदर. या लुगड्याची गंमत अशी, की अंगाचा आणि पदराचा ताणा वेगवेगळा असतो आणि तो मागावर एकमेकांत फास अडकवून जोडतात. म्हणजे पदर आणि अंग हे दोन वेगळे जीव, फक्त एका ओळीवर धरलेले. तिथे मामी मधे पडली. “पदर नका फाडू, तो असू दे,” म्हणाली आणि पदर ओळीवरून वेगळा काढून घेऊन गेली. मनात म्हटलं, कालपर्यंत बोहारणीला द्यायला निघाली होती, आता पदर हवा!

संध्याकाळी सगळे पट्टे ओटीवर पसरले होते. उन्हात असे काही सुंदर दिसत होते, की मी फोटो काढून आईला पाठवला. खाली लिहिलं, ‘सरप्राइज! आजीची गोधडी.’

दोन मिनिटांत फोन.

“हिरवं इरकल कुणी फाडलं?”

“आक्कांनी… म्हणजे, दुसरं टोक मी धरलं होतं.”

पलीकडे शांतता. माझ्या आईची शांतता ज्यांना माहीत आहे, ते मला समजून घेतील.

“ते मला हवं होतं,” ती म्हणाली. “अख्खं.” आणि फोन बंद.

मेणवलीची घंटा

अशा वेळी माणसानं काय करावं? मी मामाची स्कूटर घेतली आणि मेणवलीला गेलो. वाईपासून जेमतेम तीन किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा आणि त्याच्या मागे चंद्रकोरीच्या आकाराचा घाट. ‘स्वदेस’ (2004) आठवतोय ना? तोच घाट. शनिवार असल्यामुळे एक प्री-वेडिंग शूट चालू होतं. ती बिचारी पैठणीत आणि तो सूटमध्ये, दोघंही घामाघूम.

मी मेणेश्वराच्या देवळाजवळच्या घंटेपाशी जाऊन बसलो. लहानपणी ही घंटा पाहून मी मामाला विचारलं होतं, हिच्यावर बाळाला घेतलेली बाई कोण? ती मेरी आणि बाळ येशू. घंटा पोर्तुगीजांची, तिच्यावर साल आहे 1707. चिमाजी अप्पांनी 1739 साली वसईचा किल्ला घेतला, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांत टांगल्या. त्यातली ही एक. वसईच्या लोकांची आठवण मेणवलीत आली आणि वेगळ्याच देवासाठी वाजायला लागली. दुसऱ्याची वस्तू न विचारता घेऊन तिचं काहीतरी भलतंच करणारा मी काही पहिला नव्हतो. पण हा विचार त्या संध्याकाळी फारसा उपयोगी पडला नाही.

परत आलो तर मामीनं मेथीची भाजी आणि भाकरी वाढली. वाढता वाढता म्हणाली, “शेवटची दीड वर्षं मी रोज धुतलीत ती लुगडी. दिवसातून दोन-दोनदा. कपाट उघडलं की तो वास येतो. मला नाही बघवत. म्हणून म्हटलं होतं बोहारणीला देते.” मी भाकरीकडे बघत राहिलो. हे मी तिला फोनवर विचारलं असतं तर तिनं सांगितलंच असतं.

पुढचा रविवार

आई आली. न कळवता, सकाळच्या एसटीनं, ठाण्याहून. मीही त्या वीकेंडला परत गेलो होतो, कारण आक्कांनी दम दिला होता, “अर्धं टाकून जायचं न्हाई.”

तोपर्यंत गोधडी ओटीवर अंथरली गेली होती. खाली अस्तर, वर आजोबांच्या धोतरांचे थर, त्यावर विरलेली लुगडी, सगळ्यात वर चांगले तुकडे. चार कोपऱ्यांवर वजन म्हणून पाटा, वरवंटा, एक वीट आणि मामाचा जुना डंबेल. आधी लांब लांब कच्चे टाके घालून थर एकमेकांना टाचले होते, म्हणजे सरकत नाहीत. आणि मग धावदोरा. कडेपासून सुरुवात, बोटभर अंतर ठेवत, चारी बाजूंनी फिरत फिरत आत. आतून बाहेर शिवलं तर मधे फुगा येतो.

आई चप्पल काढून सरळ ओटीवर बसली. माझ्याशी एक शब्द नाही. सुईच्या नेढ्यात पहिल्याच फटक्यात दोरा ओवला आणि मामीच्या समोरच्या कडेनं टाके घालायला लागली. तासभर दोघींमध्ये फक्त दोऱ्याविषयी बोलणं. “रीळ इकडे दे.” “गाठ आत घे, वहिनी.” “इथं दुहेरी घालू का?”

मामा आतबाहेर करत होता. शेवटी मला म्हणाला, “तुझ्या आईला विचार, चहा घेणार का.”

आई चार फुटांवर. तिनं सुईवरची नजर न काढता मला सांगितलं, “सांग, घेईन. बिनसाखरेचा.”

“कधीपासून?” मामानं थेट तिलाच विचारलं.

“दोन वर्षं झाली.”

“सांगायचं नाही होय?”

बस, एवढंच. हिंदी सिनेमासारखी मिठी वगैरे नाही. पण मामा आत गेला आणि चहा स्वतः टाकला, याची आळीत नोंद घेण्यात आली.

दुपारी हिरव्या तुकड्यावर सुई आली तेव्हा आई बोलायला लागली. माझ्याशी नव्हे, मामीशी. 1986 साली तिला मुंबईत नोकरी लागली. वाईच्या स्टँडवर सोडायला आजी आली होती, हेच लुगडं नेसून. एसटी वळली, माणसं दिसेनाशी झाली, तरी गर्दीत ते हिरवं बराच वेळ दिसत राहिलं. “तेवढंच,” आई म्हणाली. मामी उठली, आत गेली आणि तो लाल पदर आणून आईच्या मांडीवर ठेवला. “हा फाडू दिला नाही मी. मला माहीत नव्हतं, पण हात होईना.”

“मधे लावू या का?” आईनं आक्कांना विचारलं.

“रेशीम हाय त्ये. दोन धुण्यात चिरतं.”

मग तो पदर आई मामीला देऊ लागली, मामी आईला. “तू ठेव.” “नको ताई, तुम्हीच.” असं चारदा तरी इकडून तिकडे गेला. तो शेवटी कुणाच्या पिशवीत गेला, मला ठाऊक नाही. विचारायची हिंमत अजून झालेली नाही.

तुम्हालाही करायची असेल तर

पहिली गोष्ट, माझ्यासारखी घाई करू नका. कापड फाडण्याआधी घरातल्या प्रत्येकाला दाखवा, फोटो नंतर नको, आधी पाठवा. गोधडीला सुती आणि भरपूर धुतलेलं कापडच घ्या. नायलॉन, जॉर्जेट, जरीचं काही नको; जर टोचते आणि रेशीम धुण्यात टिकत नाही. त्यांची उशीची खोळ किंवा फ्रेम करून घेतलेली बरी. कापडातली खळ धुऊन काढा, नाहीतर सुई चालत नाही. अंगुस्तान घ्या, मी घेतलं नाही आणि सोमवारी कीबोर्डवर एका हातानं टाइप करत होतो. पातळ गोधडीला तीन-चार थर पुरतात, थंडीसाठी सहा-सात. धुताना मशीनमध्ये कोंबू नका. भिजली की तिचं वजन पाहून मशीनच हात टेकेल. आणि शिवणाऱ्या बाईंना मजुरी द्या, नीट द्या. आक्कांनी माझ्याकडून दोऱ्याचेच पैसे घेतले, बाकी, “तुझ्या आजीचं हाय,” म्हणून परत केले. पण त्यांच्याच नातीनं मला बाजूला घेऊन सांगितलं की विकायला केलेल्या गोधडीचा त्या भाव करतात आणि तो कमी करत नाहीत. मग दिवाळीला मी त्यांना नवा चष्मा करून दिला. तो त्यांनी ठेवून दिलाय. जुनाच वापरतात.

गोधडी दिवाळीच्या आधी पुरी झाली. मधोमध मामाच्या शर्टाचा खिसा शिवलाय, ही आईची आयडिया. त्या खिशात आजीचं तुटकं जोडवं ठेवायचं असं ठरलं होतं. मामीनं ते रद्द केलं, म्हणाली, झोपेत टोचेल. घराचं काय झालं म्हणाल तर अजून तसंच आहे, सह्या व्हायच्यात. पण कागद आता आई-मामा एकमेकांना डायरेक्ट पाठवतात, माझ्यामार्फत नाही.

ही थंडी गोधडी वाईत आहे. संक्रांतीनंतर ती ठाण्याला जाणार, असं आई म्हणते. मामी म्हणते, शिवरात्रीपर्यंत थंडी असते. माझा नंबर कधी लागणार, यावर दोघी गप्प. मी शिवलेला कोपरा मात्र ओळखू येतो. टाके नागमोडी, एकात दुसरा नाही. परवा मामीनं फोटो पाठवला, तो कोपरा उसवायला लागलाय. आक्कांना दुरुस्त करायला सांग म्हटलं, तर त्यांचा निरोप आला: ज्यानं शिवलाय त्यानंच येऊन घालावा. पुढच्या शनिवारचं एसटीचं तिकीट काढलंय.